ताईच्या उशीखालचा डबा

प्रिय अवी,

तुझं पत्र परवा मिळालं. वहिनींची केमो सुरू झालीय आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक औषध सुचवून जातोय, नाही म्हणायची सोय नाही, असं तू लिहिलंस. वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही. आमच्या घरीही हेच झालं होतं.

ताईच्या उशीचा अभ्रा बदलताना मला एक डबा सापडला. लेबल नाही, आत राखाडी चूर्ण आणि त्यातच रुतलेला चमचा. दीड महिना ती ते घेत होती. त्याच आठवड्यात तिचं एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्तचाचणी, वाढलेलं आलं आणि केमो दोन आठवडे पुढे गेली. चूर्णानंच झालं का, हे कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. आत काय होतं हेच माहीत नव्हतं ना! मी ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर रागावतील म्हणून नाही सांगितलं." ते ओरडणं मला अजून टोचतं. सगळं दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर एक चमचा तरी आपल्या हातात असावा, असं वाटत असेल रे तिला.

पण झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे काही खरं नाही. केमोतलं विन्क्रिस्टीन सदाफुलीतूनच काढतात, पण देतात ते काटेकोर मोजून. उदासीवर घेतात त्या सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीमुळे इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाचा रक्तातला कामाचा अंश ४० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे केमोचा त्रास सोसायचा आणि गुण कमी!

येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास वाचून मी हादरलो होतो. पूरक उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुप्पट दिसला होता. पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला: त्यातल्या अनेकांनी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन यांपैकी काहीतरी नाकारलं होतं, आणि फरक मुख्यतः तिथून आला होता.

सगळंच टाकाऊ नाही हं. खुर्चीत बसून करायच्या योगासनांनी ताईचा थकवा खरंच हलका व्हायचा, आणि तिच्या डॉक्टरांनीच ती सुचवली होती.

पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या पिशवीत घालून ने आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. वहिनींना विचारताना मात्र आवाज चढवू नकोस.

रविवारी येतोय. औषध आणणार नाही.

तुझा,
दिनू