दहाव्याच्या घाटावरून कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: रजेवर असलेल्या माणसाला कामासाठी फोन करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो. माल मोजून गाडीत भरायचा, इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढायचं, गाडी वेळेत गिऱ्हाईक कंपनीच्या गेटवर पोचवायची, रिकाम्या ट्रॉल्या परत आणायच्या, एवढं माझं काम. अकरा वर्षं करतो आहे. आजवर कोणत्याही मंत्र्याला कधी पत्र लिहिलं नव्हतं.

28 नोव्हेंबर 2025 ला माझे वडील गेले. कराड तालुक्यात आमचं गाव. थोरला मुलगा मी, त्यामुळे सगळं मलाच करायचं होतं. तेरा दिवसांची रजा मागितली, ती मिळाली. एचआरकडून मेलही आला की या काळात तुम्हाला कामाचा त्रास दिला जाणार नाही, घरच्यांकडे लक्ष द्या. तो मेल वाचून मला भरून आलं होतं. निघायच्या आधी, रात्री दीड वाजता, मी माझ्या जागी काम बघणाऱ्यासाठी चार पानी चार्ज लिहून ठेवला. कोणत्या गाडीचा ड्रायव्हर कोण, कोणत्या पार्टच्या किती ट्रॉल्या बाहेर आहेत, कोणती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये. वडिलांना रुग्णालयातून न्यायला शववाहिका यायची होती आणि मी ट्रॉल्या लिहीत होतो. हे आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून घरी आलो आणि पहिला फोन आला. मग थांबलेच नाहीत.

7 डिसेंबरला दहावा होता. रविवार. म्हणजे माझी रजा तर होतीच, शिवाय आमच्या स्टाफला आठवड्याची सुट्टीही त्याच दिवशी. पण गिऱ्हाईक कंपनीची उत्पादनाची लाइन चालू होती. सकाळी नऊला कृष्णेच्या घाटावर विधी सुरू झाले. माझं मुंडण झालं, आंघोळ झाली, ओल्या पंचावर मी बसलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली येईनात. आमच्याकडे अशा वेळी घरचे एकेक करून बोलतात. काका म्हणाले, आईची काळजी करू नका. धाकटा म्हणाला, जमिनीच्या तुकड्याचं कर्ज मी फेडतो. बहिणीने नातवाचं नाव घेतलं. आणि धाकट्याच्या शर्टाच्या खिशात माझा फोन सारखा थरथरत होता. नऊ दहा ते अकरा या वेळात सतरा कॉल. शेवटी काकाच म्हणाले, घे बाबा एकदाचा, घेतल्याशिवाय ते थांबायचे नाहीत.

मी उठलो. पायऱ्यांच्या वर जाऊन, ओल्या हाताने फोन कानाला लावला. एका पार्टचा सॅपमधला, म्हणजे कंपनीच्या संगणकातल्या हिशेबाचा, आकडा आणि प्रत्यक्षातला माल जुळत नव्हता, गाडी गेटवर उभी होती. मी चार्जच्या तिसऱ्या पानावर तो फरक कशाचा आहे हे लिहिलं होतं. ते कुणी उघडलंच नव्हतं. अकरा मिनिटं मी बोललो. खाली आलो तेव्हा सगळे उठत होते. धाकटा म्हणाला, शिवला रे, आत्ताच शिवला.

महोदय, माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला तेव्हा मी फोनवर होतो. तिथल्या तीस-चाळीस माणसांनी ते पाहिलं. ज्याने पाहायचं होतं त्याने पाहिलं नाही. माझा या गोष्टींवर किती विश्वास आहे हे कृपा करून विचारू नका. मला तिथे असायचं होतं, आणि मी नव्हतो.

कामावर परत आल्यावर साहेब म्हणाले, तू होतास म्हणून त्या दिवशी गाडी सुटली. ते शाबासकी देत होते. पगाराची स्लिप आली त्यात तीन दिवस कंपनीची रजा आणि बाकीचे दिवस माझ्या हक्काच्या रजेतून कापलेले. मी फोनमधली यादी काढून बसलो. तेरा दिवसांत 64 कॉल. सगळ्यांत मोठा 41 मिनिटांचा. ग्रुपवरचे संदेश नऊशेच्या वर, मोजताना एखादा सुटला असेल. म्हणजे मी माझ्या हक्काची रजा खर्च करून कंपनीचं काम केलं. याला कोणत्या कायद्यात काय म्हणतात ते मला सांगा.

ज्याने तो फोन केला त्याच्यावर माझा राग नाही. तो सव्वीस वर्षांचा पोरगा आहे. त्याच्या मागे साहेब उभे होते, साहेबांच्या मागे प्लांट हेड, आणि त्यांच्या मागे गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाची लाइन थांबली तर मिनिटांच्या हिशेबाने डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, येते, कुणीच साठा करून ठेवत नाही, माल थेट लाइनवर जातो. हे सगळं मला माहीत आहे, मी त्यातच जगतो. म्हणून मला कुणी चांगुलपणाचे धडे सांगू नयेत. माणसं चांगली असूनही हे होतं. कारण डिस्पॅचला दुसरा माणूस ठेवायचा तर त्याला पगार द्यावा लागतो, आणि मला रजेवर फोन करायला काहीच पडत नाही.

माझे वडील गिरणी कामगार होते. 1982 च्या संपापर्यंत मुंबईत, नंतर गावी. त्यांच्या गिरणीत एखादा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार उभा राहायचा. सकाळी गेटवर बदलीवाले येऊन थांबायचे. त्या बदलीवाल्यांचे हाल काय होते हेही वडिलांनीच सांगितलं होतं, काम मिळालं तर मिळालं, नाहीतर तसंच घरी. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण मालकाला एक कबूल होतं की माणूस नाही म्हणजे नाही, त्याच्या जागी दुसरा लागतो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की साचा कामगाराच्या मागे खोलीवर येत नव्हता. आजोबा वारले तेव्हा वडील महिनाभर गावी होते. त्या महिन्यात मुंबईहून त्यांना एक पोस्टकार्डही आलं नाही, हे ते सहज सांगायचे. आज माझा बदली म्हणजे माझाच फोन. आणि त्या बदलीला कुणी पगार देत नाही.

रविवारची सुट्टी या मुंबईच्या कामगारांना कुणी दान दिली नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये परळला सभा घेतली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि 10 जून 1890 ला ती सुट्टी मिळाली. सहा वर्षं लागली. माझा रविवार 135 वर्षांनंतर अकरा मिनिटांत गेला, आणि कुणाला सहीसुद्धा करावी लागली नाही.

डिसेंबरातच मी एका सरकारी कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, पदनाम काय? मी सांगितलं, असिस्टंट मॅनेजर. मग तुम्ही कामगार नाही, आमच्याकडे येत नाही. मी म्हटलं, माझ्या हाताखाली कंत्राटी दोन पोरं आहेत, मला पगार 41 हजार आहे, कुणाला ठेवायचं-काढायचं हे मी ठरवत नाही. ते म्हणाले, कागदावर काय आहे ते बघावं लागतं. चार वर्षांपूर्वी पगारवाढ न देता हे पद मला दिलं होतं. घरी पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची किंमत म्हणजे माझा गेलेला ओव्हरटाइम होती हे मला नंतर कळलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 कायद्यांच्या जागी. त्यातल्या सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेतही देखरेखीचं काम करणारा, 18 हजारांच्या वर पगार घेणारा माणूस कामगार धरला जात नाही. महोदय, चाकणला 18 हजारांत एक खोली, दोन पोरांची शाळा आणि गावी औषधं भागवून दाखवा. इतक्या पगाराला माणूस साहेब होतो, असं हे सरकार मानतं.

आपल्या सरकारला कामाच्या तासांची काळजी नाही असं नाही, ती उलट्या बाजूने आहे. 3 सप्टेंबर 2025 ला मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मान्यता दिली, दुकानं-आस्थापनांत 9 वरून 10, आणि तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा कारखान्यात 115 तासांवरून 144. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. ज्या माणसाला बापाच्या दहाव्याला फोन नाकारता येत नाही तो संमतीच्या कागदावर नाही म्हणून लिहील असं आपल्याला खरंच वाटतं? आमच्याकडची कंत्राटी पोरं तर कोरी सही देतात. त्याच सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा दिला आहे. त्यांना मिळाला याचा मला आनंद आहे. पण त्यांचीही सुटका कुठे झाली? माझी मेहुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रात्री दहाला ग्रुपवर माहिती मागवतात, सकाळी अकराच्या आत भरा म्हणून. जे सरकार स्वतः आपल्या शिक्षिकेला रात्री झोपू देत नाही ते माझ्या कंपनीला काय सांगणार?

आमचा दहावा झाला त्याच्या दोनच दिवस आधी, 5 डिसेंबरला, सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेबाहेर फोन आणि मेल नाकारण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर खासदाराने आणलेलं, मांडलं. 2018 मध्येही त्यांनी मांडलं होतं. नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या 1 टक्का दंड, अशी त्यात तरतूद आहे. मी कोणत्याही पक्षाचा नाही. पण आजवर या संसदेत खासगी विधेयकं मंजूर झाली ती 14, आणि शेवटचं 1970 मध्ये. माझा जन्म व्हायचा होता तेव्हा. मी कुणाकडे डोळे लावून बसू?

मोठे उद्योगपती आठवड्याला 70 तास, 90 तास म्हणतात आणि ते दिवसभर टीव्हीवर चालतं. 2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांची एक सीए मुलगी गेली, तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशाने वाचलं. मग आपल्या खात्याने तपासणी केली तेव्हा कळलं की तिच्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी 2007 पासून 2024 पर्यंत नव्हतीच. सतरा वर्षं! पुण्यासारख्या शहरात, काचेच्या इमारतीत. हे कळायला एका आईला मुलगी गमवावी लागली. मग आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण बघायला येणार आहे?

फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून पन्नासच्या वर माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबाबत कामगारांशी बोलणी करणं भाग पाडलं. ऑस्ट्रेलियाने 26 ऑगस्ट 2024 पासून माणसाला फोन न उचलण्याचा हक्क दिला, फोन न उचलणं अवाजवी नसेल तोवर. ते बघताना मला एक खटकतं, आणि ते मी आपल्याला मुद्दाम सांगतो. न उचलण्याचा हक्क आपल्याकडे कामाचा नाही. इथे ज्याने उचलला नाही त्याची पुढच्या अप्रेझलला, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, खूण होते, आणि दाद मागायला त्याच्याकडे पैसा नसतो. पोर्तुगालने 2021 मध्ये जबाबदारी फोन करणाऱ्यावर टाकली, अपरिहार्य आपत्ती सोडली तर मालकाने विश्रांतीच्या वेळेत संपर्कच करायचा नाही. मला तेच हवं आहे. आग लागली, माणूस मशीनमध्ये अडकला, तर मी घाटावरूनही धावत येईन, त्यासाठी कायदा लागत नाही. पण ट्रॉल्यांचा आकडा ही आग नाही.

कामगार हा विषय राज्यालाही हाताळता येतो, केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा समवर्ती सूचीत आहे. दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. 2017 च्या आपल्या आस्थापना कायद्यात आणि कारखान्यांच्या नियमांत एवढं घाला की मंजूर रजेच्या दिवशी कामासाठी केलेला प्रत्येक फोन हजेरीत लिहावा लागेल, त्या दिवसाची रजा कामगाराच्या खात्यात परत जाईल आणि वर दुप्पट दराने पैसे मिळतील. आणि माणूस कामगार आहे की नाही हे त्याच्या हातातलं काम बघून ठरवा, मालकाने छापलेल्या कार्डावरून नको. फोन फुकट राहिला नाही की कंपनी आपोआप दुसरा माणूस तयार करेल, चार्जची चार पानंही उघडून वाचेल.

संविधानाच्या 43 व्या अनुच्छेदात कामगाराला फुरसत मिळावी म्हणून राज्याने झटावं असं लिहिलेलं आहे. मी तो अनुच्छेद वडील गेल्यानंतर पहिल्यांदा वाचला. माझी आठ वर्षांची मुलगी माझा फोन वाजला की म्हणते, बाबा, ऑफिस आलं. जेवताना तो माझ्या ताटाशेजारी पालथा असतो आणि ती घास थांबवून त्याच्याकडे बघते. हे पत्र लिहितानाही तो दोनदा वाजला, आणि मी दोन्ही वेळा उचलला.

कॉलची यादी, एचआरचा मेल आणि पगाराची स्लिप माझ्याजवळ आहे. आपण बोलावलंत तर घेऊन येतो. वर्षश्राद्ध पुढच्या मार्गशीर्षात आहे, त्याच घाटावर. पिंड ठेवला की मला तिथून उठायचं नाही.

आपला,
चाकणच्या एका कारखान्यातला डिस्पॅचवाला