होयाच्या मुळांविषयी आईला पत्र

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. होयाच्या शोभेच्या वेलाची पाने सुरकुतल्यामुळे तू रोज पाणी घालू लागलीस, हे वाचून काळजी वाटली, म्हणून बाकीचा मजकूर बाजूला ठेवून आधी याविषयीच लिहीत आहे. ते पाणी आजच थांबव. कुंडी कोरडी पडली तरी होयाची पाने सुरकुततात आणि मुळे कुजली तरीही सुरकुततात, कारण कुजलेल्या मुळांना ओल्या मातीतूनही पाणी शोषता येत नाही. माती ओली असून पान मऊ पडले असेल, तर दुखणे बहुधा मुळाशीच आहे.

झाड अलगद बाहेर काढून पाहा. पांढरट, घट्ट मुळे निरोगी असतात. तपकिरी, लिबलिबीत आणि बोटांत धरताच साल सुटून येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाक. होयाच्या बहुतेक जाती रानात झाडांच्या खोडांवर वाढतात, त्यामुळे त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. नव्या कुंडीत नारळाचा भुसा, पर्लाइटचे हलके पांढरे खडे आणि झाडाच्या सालीचे तुकडे घाल, कुंडी लहानच ठेव आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नकोस. येथील पहिल्या हिवाळ्यात, उजेड कमी झाला असतानाही पूर्वीइतकेच पाणी घालत राहिल्यामुळे माझे झाड मुळापासून गेले. वरची दोन निरोगी पेरे कापून, चीक सुकू देऊन लावली, त्यांचाच आजचा वेल झाला आहे.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण होत. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, म्हणून नुसती पाने पुसून भागत नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून प्रत्येक पुंजका टिप, आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात म्हणून दर आठवड्याला, निदान महिनाभर, हे करत राहा. तोवर ते झाड इतरांपासून दूर ठेव. पानांवरचे चंदेरी ठिपके आणि फुलांतून टपकणारा मध हे मात्र रोग नव्हेत. फुले गळाल्यावर उरलेला देठही कापू नकोस. त्याच देठावर पुन्हा फुले येतात.

मुळे कशी निघाली, ते सविस्तर कळव.

तुझी लेक