नॉटिंग हिलचे पिंप

महोदय,

ऑगस्टअखेरीस कॅरिबियन वंशीयांच्या, लंडनमधल्या नॉटिंग हिल कार्निव्हलची जी छायाचित्रे आपल्याकडे छापून येतात, ती बहुधा पिसांच्या मुकुटांची. स्टीलपॅन हा पोलादी पिंपाचा वाद्यप्रकार त्यांत क्वचितच दिसतो, आणि १९६६पासून रस्त्यावर आलेल्या या उत्सवाचा जीव तर तोच आहे.

त्रिनिदादचे हे वाद्य साधारण २०० लिटरच्या तेलाच्या पिंपाचे. तळ घणाने ठोकून खोलगट करायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखायच्या, पिंप कापायचे, आचेवर तापवायचे आणि मग हातोडीने एकेक स्वर लावायचा. ठोके असमान पडले की पत्रा फाटू शकतो. वरच्या स्वरांना आखूड कापलेले पिंप चालते. खर्जाला मात्र अख्खी पिंपे लागतात, म्हणून एकच वादक सहा-सहा पिंपांच्या मधोमध उभा असतो. भर उन्हात पत्रा तापला की स्वर उतरतो. मिरवणुकीत पॅन नेणाऱ्या गाडीवरचे छत शोभेचे नसते!

हे नीट ऐकायचे असेल तर शनिवारची पॅनोरमा ही स्टीलपॅन वाद्यवृंदांची स्पर्धा गाठावी. उत्सवाच्या रविवार-सोमवारी रस्त्यांवरच्या अजस्र स्पीकरांच्या साउंड सिस्टिमपुढे पॅनचा निभाव लागत नाही. मुले बरोबर असतील तर रविवारीच जावे, कानांत बोळे घालून. जवळचे लॅडब्रोक ग्रोव्ह स्थानक दोन्ही दिवस बंद असते. पॅडिंग्टनहून चालत जाता येते. संध्याकाळी सातला स्पीकर बंद करावेच लागतात.

— काही मराठी वाचक, लंडन