तात्या, सांडव्यावरच्या विटा काढायला सांगितल्यात

नाशिक

तीर्थरूप आई आणि तात्यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तात्यांनी "बरं बरं" म्हणत फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाच. तात्या, शेवटपर्यंत ऐकून घ्या, मग रागवा.

आपल्या तळ्याच्या पाळीवर सोमवारी जेसीबी येतोय. सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरच्या, दोन फूट विटा निघतील आणि सांडव्याचं तोंड रुंद होईल. पैसे देऊन झालेत. तुम्हाला न विचारता ठरवलं हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" झालं असतं, आणि मधे एक अख्खा पावसाळा आहे.

2016 च्या उन्हाळ्यात तुम्ही टँकरच्या पाण्यावर बाग कशी जगवलीत ते मी पाहिलंय. त्यानंतर जरा जास्त पाणी साठावं म्हणून विटा रचल्यात. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तात्या, आपली पाळ मातीची आहे. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही काळ तग धरते. मातीच्या पाळीवरून गेलं की मागच्या उताराची माती कापली जाते, ती कापणी तळ्याकडेच सरकते, आणि एकदा धार लागली की कोणाच्या हातात काही राहत नाही. पाळीवरून पाणी जाऊ नये म्हणून तर आजोबांनी सांडवा काढला होता. आपण तोच अडवून बसलो. त्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन पाळ मधे दबलीय. धाकट्याने परवा नळीत पाणी भरून लेव्हल काढली. विटांच्या माथ्यापासून पाळीच्या दबलेल्या भागापर्यंत फक्त चार बोटांचं अंतर आहे. चार बोटं! एका रात्रीच्या पावसाला तेवढं पुरतं.

"गंगापूर धरणही मातीचंच आहे की," असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण त्याला दरवाजे आहेत, पातळीवर नजर ठेवायला माणसं आहेत, पाणी सोडण्याआधी काठच्यांना सांगतात. आपल्याकडे कोण आहे? 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांचा, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही मोठ्या धरणांचा. आपली पाळ 22 फुटांची. तिची तपासणी करायला कोणी येणार नाही. बघायचं आपणच. आणि खाली वस्तीवर नऊ घरं आहेत, अंगणवाडी आहे. पाणी आपलं असलं तरी फुटल्यावर ते त्यांच्या दारात जाणार. रत्नागिरीतल्या तिवऱ्याचं धरण 2 जुलै 2019 ला रात्री फुटलं. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती. पानशेत 1961 चं. पुण्याच्या आत्याच्या भिंतीवरची ती पुराची खूण आई तूच मला दाखवली होतीस. लहानपणी मी खुर्चीवर चढूनही तिला हात लावू शकले नव्हते.

आमच्या सोसायटीतले जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले काका रविवारी आले होते ना, ते खाली पाळीच्या पायथ्याच्या दगडांपाशी बराच वेळ बसले होते. पाझर येतोय म्हणून घाबरायचं नाही, म्हणाले, मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाणी स्वच्छ आहे आणि तेवढंच येतंय, तर ठीक. गढूळ झालं किंवा अचानक वाढलं, तर आतली माती वाहतेय. म्हणून आई, लोणच्याची रिकामी काचेची बरणी घे, रोज सकाळी तिथलं पाणी भर आणि ओट्यावर ठेव. संध्याकाळी तळाशी माती बसलेली दिसली तर लगेच कळवायचं. आधी वस्तीवर सांगायचं, मग मला. हे विसरू नकोस.

घुशीची बिळं धाकटा बुजवणार आहे. नुसती वरून माती लोटून नाही, खोल खणून, ओल्या मातीचे थर देऊन, धुम्मस करून. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगाही तशाच. भरल्या तळ्याचं पाणी कधी कमी करायची वेळ आली तर घाई करू नका. दिवसाला फूटभर, त्याहून जास्त नाही. पाणी झपाट्याने उतरलं तर आतल्या अंगाची भिजलेली माती घसरते.

जांभळाचं सांगायला हात अडखळतोय. ते पाळीवरच आहे, आणि मुळं भरावात गेलीत. नुसतं तोडलं तर मुळं कुजून आत नळ्या होतील, म्हणून पावसाळ्याआधी हात लावायचा नाही. दिवाळीनंतर मुळांसकट काढून जागा नीट भरून घ्यायची. आई, त्याच झाडाखाली मला झोळीत टाकून तू खुडायला जायचीस. त्याची रोपं मी आत्ताच पिशव्यांत लावलीत. घरामागे, पाळीपासून लांब लावू.

आता तुमचं. तात्या, पाऊस लागला की बॅटरी घेऊन रात्री पाळीवर जायचं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. पाण्यात रंगवलेली पट्टी रोवतोय, ओसरीवरून दिसेल. लाल रेघेला पाणी लागलं की धाकट्याला हाक मारा, तुम्ही उठायचं नाही. आणि आषाढ-श्रावण माझ्याकडे या. तळमजल्याची खोली तुमच्यासाठी मोकळी केलीय. संडासात धरायला दांडी बसवली. पेपर सहाला येतो. आईसाठी लोखंडी तवा आणलाय, तुला गॅसवरच्या भाकरीची चव आवडत नाही हे माहीत आहे, तरी दोन महिने चालवून घे. गोठ्याचं काका बघतील, मी बोललेय. रामकुंडावर रोज रिक्षाने नेईन. पूर आला की लांबून गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बघू, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवायचात तसा.

दोन फूट पाणी कमी पडेल, खरं आहे. कागदाचं, म्हणजे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सप्टेंबरातच भरून ठेवू, बागेच्या छाटणीला अडचण येणार नाही. आली तर टँकरचे पैसे मी देईन. त्यावर वाद नको.

विटा मी कोणाला नेऊ देणार नाही. गोठ्यामागे रचायला सांगितल्यात. आई, तुळशीपाशी तुला बसायला ओटा हवा होता ना, त्यातून होईल.

रविवारी रात्रीच येते. तात्या, गोळी जेवणानंतर.

तुमची,
ताई