टॉम मॉरिसने उस्ताद सोडला तेव्हा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

ज्यांच्या हाताखाली लाकूडकाम शिकलीस त्यांचं वर्कशॉप सोडणं बेइमानीचं वाटतं, असं तू लिहिलंस. स्कॉटलंडमध्ये, तुझ्या डंडीजवळच सेंट अँड्र्यूज आहे. तिथल्या टॉम मॉरिस या जुन्या गोल्फ खेळाडूचं आयुष्य गेले काही दिवस माझ्या मनात घोळतंय, ते तुला सांगतो.

टॉमचा जन्म 1821 चा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो अ‍ॅलन रॉबर्टसनकडे गोल्फचे चेंडू करायला शिकू लागला. चामड्याच्या लहानशा पिशवीत टोपीभर उकडलेली पिसं ठासून भरायची, तोंड शिवायचं; वाळलं की चेंडू दगडासारखा टणक. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायचे, म्हणून महाग. अ‍ॅलन त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू, आणि टॉम त्याचा उजवा हात.

मग 1848 च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. गरम पाण्यात मऊ करायचा, साच्यात दाबायचा, झालं. स्वस्त आणि टिकाऊ. आपला धंदा बुडणार म्हणून अ‍ॅलनला त्याचा भयंकर राग. एके दिवशी खेळताना टॉमचे चेंडू संपले, सोबत्याने दिलेल्या गटापर्चाच्या चेंडूने तो खेळला. अ‍ॅलनच्या कानावर गेलं, शब्दाला शब्द लागला आणि दोघं वेगळे झाले. बाळा, मला यात अ‍ॅलनचाही राग येत नाही. हातातली विद्या निरुपयोगी होताना पाहणं किती जिव्हारी लागतं ते मी आपल्या सुतारआळीत पाहिलंय. पुढे त्यानेही गटापर्चाचे चेंडू केलेच.

1851 मध्ये टॉम बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला गेला. तिथलं बारा होलचं (चेंडू पाडायच्या बारा खळग्यांचं) मैदान त्यानेच आखलं. त्याच मैदानावर 1860 मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली. टॉम दुसरा आला. नंतर ती त्याने चारदा जिंकली, शेवटची 1867 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने बापाला दुसऱ्या क्रमांकावर टाकून ती जिंकली. या ओळीशी मी फार वेळ थांबलो. तो मुलगा 1875 च्या नाताळात, चोविसाव्या वर्षी गेला. बाप त्यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक जगला.

सेंट अँड्र्यूजने मात्र टॉमला 1864 मध्येच मैदान सांभाळायला परत बोलावलं होतं. ज्या गावातून भांडून निघाला, तिथेच अठराव्या ग्रीनसमोर (होलभोवतीच्या हिरवळीसमोर) त्याचं दुकान उभं राहिलं. अ‍ॅलन ते पाहायला नव्हता, 1859 मध्येच वारला होता.

तू निर्णय घे, पण आधी उस्तादांना समोर बसून सगळं सांग. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

आणि सुटी मिळाली की सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ म्युझियममध्ये जा. जुन्या स्टिकचा दांडा आणि डोकं दोन्ही तिरकं तासून, सरसाने चिकटवून वर डांबरी दोरा गुंडाळत. तो सांधा नीट बघ, चित्र काढून पाठव. किती लांब तासलाय ते मला हवंय.

तुझे,
बाबा