लेथ बंद करून ऐकणाऱ्या मिस्त्रींना

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर इथल्या आमच्या मिस्त्रींना,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घेत नाही. आभारबिभार नकोत असंही म्हणालात. ते मात्र ऐकणार नाही.

रंधा मशीन सुरू झालं. ऐनाची फळी घालून बाबांनी पहिला हात मारला, आणि फळी दुसऱ्या टोकाला बाहेर आली ती तळहात फिरवावा अशी गुळगुळीत. बाबा काही बोलले नाहीत. दुसरी फळी घेतली, मग तिसरी. जेवायला हाक मारली तरी येईनात. पावसाळ्याआधी द्यायच्या दारांच्या चौकटी अडून पडल्या होत्या आणि गिऱ्हाइकांचे फोन घेता घेता मी रडकुंडीला आले होते. ते सगळं आता मार्गी लागतंय.

हे मशीन आजोबांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून सावंतवाडीला आणलं. इंग्लंडमध्ये घडलेलं, बिडाचं टेबल, दोन माणसांना हलणार नाही असं. आजवर त्याने कधी दगा दिला नाही. तुटला तो कटर ब्लॉकमधला, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळातला, पातं आवळून धरणारा एक बोल्ट. दिसायला एवढासा. पण ब्लॉक मिनिटाला चार हजारांवर फेरे घेतो आणि त्या वेगात पातं सुटलं तर समोरच्या माणसाचं काय होईल, हे सुताराच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून बाबा म्हणाले, बोल्ट मिळेल तो तसाच मिळाला पाहिजे, नाहीतर मशीन बंद राहील.

आणि मग आम्ही दुकानं पालथी घातली. आज मनात राग आहे तो त्या दिवसांचा, आणि तो मी लपवणार नाही. एकाने बोल्ट हातातसुद्धा घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "हे आता भंगारात घाला, नवीन चायना मशीन दाखवतो." दुसऱ्याने फोटो पाठवायला सांगितला, पाठवला, आणि त्यानंतर आमचा फोन उचलणंच सोडलं. मशिनरीच्या एका मोठ्या दुकानात बाबा माप सांगत होते, "चार सूत, बारीक आटे," म्हणजे अर्धा इंच, तर काउंटरवरचा मुलगा त्यांच्याकडे न बघता मला विचारत होता, "मॅडम, एमएममध्ये सांगा ना." बाबांना कमी ऐकू येतं. चाळीस-पन्नास वर्षं रंध्याच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाचे कान आणखी कसे असणार? पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कमी कळतं, असं लोक धरून चालतात. प्रत्येक दुकानात त्यांना वगळून माझ्याशी बोलणं व्हायचं आणि बाबा बाजूला तुटका बोल्ट मुठीत धरून उभे असायचे.

सगळ्यात वाईट तो, ज्याने "मिळाला!" म्हणून बोल्ट काढून दिले. १२ एमएमचे, बारीक आट्यांचे, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेले, चकचकीत. घरी आणून ब्लॉकमध्ये घातले तर सरसर आत गेले. मला हायसं वाटलं. बाबांनी मात्र दोन बोटांत धरून बोल्ट जरासा हलवला आणि मान हलवली. "खेळतो." बस, एवढंच. परत करायला गेलो तर दुकानदार हसला. "आजोबा, आत गेला ना? मग पाना लावा आणि आवळा."

मिस्त्री, तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्या मनाची ही अवस्था होती. आंबोली घाट चढून येताना बाबा म्हणत होते, आता उगाच कशाला. तुमच्या दारात उभे राहिलो तेव्हा तुमच्या लेथवर काम चढलेलं होतं, शाफ्ट फिरत होता, टूलखालून निळसर चिपा निघत होत्या. गिऱ्हाईक बाजूला घड्याळ बघत बसलं होतं. तुम्ही बाबांच्या हातातला बोल्ट बघितलात, काहीतरी विचारलंत, आणि बाबांनी नेहमीसारखा कानाला हात लावला.

तुम्ही लेथ बंद केलात.

टूल मागे घेतलंत, स्विच दाबलात, चक थांबेपर्यंत थांबलात. शेजारच्या पोराला ग्राइंडर बंद करायला सांगितलंत. हात पुसून स्टूल पुढे ओढलंत, "बसा की काका," आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून पुन्हा विचारलंत, "काका, तुटायच्या आधी आवाज कसा येत होता हो मशीनचा?"

इतक्या दुकानांतून फिरलो, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाबांचा चेहरा मी बघत होते. आधी त्यांचा विश्वासच बसेना. मग मालवणीत सुरू झाले. "पयला बरा गुणगुणत होता, मगे मधीच टकटक येवक लागली." तुम्हाला मालवणी किती कळत होती कोण जाणे, पण तुम्ही एकही शब्द मध्ये टाकला नाहीत. टकटक कोणत्या बाजूने, जाड लाकडाला जास्त की पातळ, पाती शेवटची कधी काढली होती, असं विचारत गेलात आणि बाबा सांगत गेले. ते गिऱ्हाईकसुद्धा घड्याळ विसरून ऐकत बसलं. बंद लेथ म्हणजे तुमच्या धंद्यात काय असतं, ते मला कळतं. बोल्ट तुम्ही केलात याचे पैसे आम्ही दिले. लेथ बंद केलात, त्याचं मोल कसं द्यायचं ते मला सुचत नाही, म्हणून हे पत्र.

मग तुम्ही आटे मोजायचं पिच गेज काढलात. एकेक पातं बोल्टच्या आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरलंत आणि एक पातं असं बसलं की मधून उजेडाची रेघही दिसेना. इंचाला १६ आटे. तेच गेज त्या चकचकीत बोल्टवर धरून दाखवलंत. दीड एमएमचे आटे, दोघांत फरक दर आट्याला एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. म्हणूनच तो सरसर आत गेला होता. पण आपला बोल्ट १२.७ एमएम जाड आणि तो १२ एमएम. शिवाय इंग्रजी आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. "हा आत जातोय, पण धरत नाही. पाना लावला असता तर ब्लॉकचे आटे खाल्ले असते, आणि चालू मशीनमध्ये सुटला असता तर..." पुढचं तुम्ही बोलला नाहीत. बाबांकडे बघून म्हणालात, "काका, तुमचं बोट गेजपेक्षा भारी आहे."

व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली हा ५५ अंशांचा आटा ठरवून दिला, हे तुमच्याकडून कळलं. त्याच कोनाचे हे बारीक आटे पुढे निघाले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, नवीन माल एमएममध्ये निघू लागला आणि असल्या मशीनचा बोल्ट कुठल्या फळीवर मिळेना. तुमच्या खणात मात्र वडिलांच्या वेळची, टूलचा कोन तपासायची, ५५ अंशांची खाच असलेली पट्टी कागदात गुंडाळून ठेवलेली होती. कोल्हापुरात तेलाची इंजिनं घडली ती अशाच खणांच्या जोरावर, हे त्या दिवशी पटलं.

पुढचं काम तुम्ही कसं केलंत, त्यातलं निम्मं मला समजलं नाही. ईएन-२४ या कणखर पोलादाची सळई, टूल घासणं, आटे पाडणं. एक लक्षात राहिलं. "एकच बदलून चालायचं नाही, समोरासमोरचे एका वजनाचे पाहिजेत, नाहीतर ब्लॉक थरथरणार," म्हणून तुम्ही सगळेच नवीन केलेत आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून जोड्या लावून दिल्यात. बाबांनी आणलेल्या ब्लॉकमध्ये पहिला बोल्ट त्यांच्याकडूनच फिरवून घेतलात. पान्याशिवाय, बोटांनी. त्यांनी हलवून बघितला. हलला नाही.

बिल लिहिताना तुम्ही जरा घुटमळलात, जास्त तर होत नाही ना असं विचारलंत. ज्यांनी आम्हाला भलतेच बोल्ट गळ्यात मारले, त्यांना पैसे घेताना असं घुटमळताना मी पाहिलं नाही.

गावात मी सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगते. लोक म्हणतात, नशीब तुमचं. मला ते पटत नाही. तुमच्यासारखी माणसं बरीच असणार, मागच्या गल्लीत, पाटी नसलेल्या शेडमध्ये, समोरच्याच्या हातातली वस्तू आपल्या हातात घेऊन बघणारी. आम्हाला तुमचा पत्ता देणारे गडहिंग्लजचे सॉ-मिलवालेही त्यातलेच. ते म्हणाले, "मला येत नाही, पण ज्याला येतं तो माहीत आहे." "मला येत नाही" एवढं आधीच्यांपैकी एकाने जरी सरळ सांगितलं असतं, तरी बाबांचे हेलपाटे वाचले असते.

बाबांनी तुमच्या घरासाठी फणसाच्या लाकडाचे पाट करायला घेतलेत, याच मशीनवर रंधलेले. नको म्हणू नका, लाकूड कापून झालंय. फक्त किती करायचे आणि कडेला पितळी फुलं हवीत की साधेच, ते वहिनींना विचारून कळवा. मे महिन्यात मी आणि बाबा स्वतः घेऊन येऊ.

तुमची,
सावंतवाडीच्या त्या सुतारकाकांची मुलगी