बाई ठेवण्याआधी कामं वेगळी काढा

महोदय,

गणपतीला आलेले चाकरमानी ‘अंथरुणावरच्या आईसाठी बाई ठेवू’ एवढंच ठरवून मुंबईला परततात. आधी कामं वेगळी काढा. भरवणं, आंघोळ, सोबत घरच्यांना जमतं; लघवीची नळी बदलायला प्रशिक्षित नर्सच हवी, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची आया नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा; नाहीतर दाबाने जखमा (बेडसोर) होतात. एकटी सून हे किती दिवस रेटणार? (मुलगे यात सहसा धरलेच जात नाहीत.) पैसे घालायचे तर रात्रपाळीवर घाला. त्याऐवजी पंपाने फुगणाऱ्या एअर बेडवर विसंबू नका. पावसाळ्यात वीज गेली की पंप थांबतो, गादी बसते आणि माकडहाड थेट खाटेला टेकतं. तिथली लाली बोटाने दाबूनही जात नसेल तर चोळू नका, त्या अंगावर निजवू नका, डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक, रत्नागिरी